निळ्यावर मारलेला लाल

ती गाडी निळी होती. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली, तरी कुणी "ती लाल गाडी" म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. लाल मी केली. याच हातांनी केली, आणि चांगली केली. पण ती निळी होती. हे मला माहीत होतं, शेटना माहीत होतं, आणि त्या दिवशी माझ्या शेडमध्ये जे जे उभे होते त्या सगळ्यांना माहीत होतं.

बीडला बार्शी नाक्याच्या पुढं माझी पत्र्याची शेड होती. डेंटिंग-पेंटिंग. ट्रक, जीप, ट्रॅक्टरची मडगार्डं, आणि दिवाळीच्या आधी ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॉल्या. हा धंदा मला एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादांनी शिकवला. ते रंगाच्या डब्यावरचं नाव कधी वाचत नसत. झाकण उघडायचे, काडी बुडवायचे, काडी उन्हात धरायचे आणि सांगायचे, यात काळा कमी आहे. रंग डोळ्यानं मिळवायचा, ही एकच गोष्ट त्यांनी मला दहा वर्षं शिकवली. तेव्हा आमच्याकडं रंगच किती होते म्हणा. जीप पांढरी, ट्रक तांबडा, साहेबाची गाडी पांढरी किंवा काळी, संपलं.

मग बाजार खुला झाला म्हणतात ते दिवस आले. वडवणीसारख्या गावातही छत्र्या दिसायला लागल्या, टीव्हीच्या. नव्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर चकाकणारे रंग आले. रंगाच्या दुकानदारानं मला शेड कार्ड दिलं, लग्नपत्रिकेसारखं गुळगुळीत, आत टिकल्या टिकल्यांनी रंग. गिऱ्हाईक ते कार्ड हातात घेऊन तासभर बसायचं आणि शेवटी म्हणायचं, पांढराच मार.

गेवराईचे एक जिनिंगवाले शेट माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या कापसाच्या ट्रका माझ्याकडं यायच्या. कापसाला दोन-तीन वर्षं बरे दिवस आले होते. शेटनी नवी गाडी घेतली, पण तशीच गाडी महिन्याभरात शेजारच्या आडत्यानं घेतली, आणि शेटचा सगळा आनंद गेला. मग त्यांना कुठून तरी कळलं, आष्टीकडं एका जुन्या इनामदारांच्या गोठ्यात एक विलायती मोटार पडून आहे. दोन माणसांची, टप नसलेली, नाक लांब, बूड आखूड, शर्यतीची म्हणत ती. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. शेटनी ती ट्रकात घालून माझ्या दारात आणून टाकली.

"पेंटर," ते म्हणाले, "कंपनीतून निघाली तवा जशी होती तशी पायजे. खिळासुदिक बदलायचा न्हाई."

हे त्यांचे शब्द आहेत. माझे नाहीत.

शेट माणूस वाईट नव्हते, हे लिहायलाच हवं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाच जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता येतं. हे माझ्या शेडमध्ये आले की माझा डबा उघडायचे आणि भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावून खायचे. परळीला वैजनाथाला गेले की मला प्रसादाचा पेढा आणायचे. आमची जात त्यांना ठाऊक होती. आमच्या मागच्या पिढीनं छप्पन साली बुद्ध धम्म घेतला, हेही ठाऊक होतं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा परत धुमसून नुकता कुठं निवत होता, त्या दिवसांतही त्यांच्या ट्रका माझ्याकडंच आल्या. म्हणून मी त्यांना मानत होतो. मी इतका मानत होतो की आठवलं की आता माझीच मला चीड येते.

आणि माझंही एक सांगतो. आमच्या लोकांच्या घरात जो फोटो असतोच असतो, तो माझ्या घरी होता, पुढच्या खोलीत, रोज पुसलेला. शेडमध्ये नव्हता. शेडमध्ये बी-बियाणांच्या दुकानदारानं दिलेलं लक्ष्मीचं कॅलेंडर होतं. गिऱ्हाईक सगळ्या जातीचं, कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं, असा माझा विचार. याला मी तेव्हा शहाणपण म्हणायचो.

गाडीवर काम सुरू केलं. यंत्राचं काम दुसऱ्या मिस्त्रीनं केलं, पत्रा आणि रंग माझा. पहिल्यांदा घासायचं. पाणीपेपर घेऊन बसलो. वरचा थर जीपचा हिरवा, कुणीतरी ब्रशनं थापलेला. त्याच्याखाली मलईचा रंग. त्याच्याखाली काळा. प्रत्येक मालकानं आधीच्या मालकावर आपला रंग चढवलेला. आणि दाराच्या बिजागरीमागं, जिथं कुणाचा ब्रश पोचला नव्हता, तिथं काळ्याच्या खाली निळा. त्याच्याखाली कंपनीचा प्रायमर, आणि मग थेट लोखंड. म्हणजे जन्माचा रंग हाच.

तो निळा आकाशी नव्हता, मोरपंखीही नव्हता. रॉकेलचा स्टोव्ह नीट पेटला की ज्योतीच्या बुडाशी जो रंग धरतो, त्यात चिमूटभर राख घातल्यासारखा. शेड कार्डात नव्हता. बीडच्या दुकानात नव्हता, नगरहून मागवला तोही नव्हता. मग मी मिळवायला बसलो. पांढरा, निळा, काडीच्या टोकानं काळा, आणि हिरव्याचा नुसता वास. पत्र्याचे तुकडे कापले, एकेकावर रंग मारला, तारेवर वाळत घातले. ओला रंग फसवतो. वाळल्यावरच कळतं. एक तुकडा सकाळच्या उन्हात जुळायचा आणि चारच्या उन्हात वेगळा पडायचा. असे तेरा तुकडे झाले. तेरावा बिजागरीमागच्या रंगाजवळ धरला आणि माझा मलाच कळेना, कुठं जुना संपतो आणि कुठं माझा सुरू होतो. त्या दिवशी दुसरं काम केलं नाही. तुकडा घेऊन दारात बसून राहिलो. आयुष्यात इतकं नेमकं काम मी आधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढचं डावं मडगार्ड त्या निळ्यानं पूर्ण मारलं, पॉलिश केलं, आणि शेटना निरोप धाडला.

ते आले, बरोबर त्यांचे मेहुणे. हे बांधकामाचे ठेकेदार, तोंडात गुटखा. मिस्त्री होता, नाक्यावरचे दोघं-तिघं रिकामे होते. शेट मडगार्डाभोवती दोनदा फिरले. हात लावून पाहिला.

"लई झाक झालंय, पेंटर," म्हणाले. मग, "पन निळाच होता का रं?"

"निळाच. हे बघा." मी बिजागरीमागची जागा दाखवली, वर तेरावा तुकडा धरला.

शेट वाकून बघत राहिले. बघायला एवढा वेळ लागत नाही.

"निळा उन्हात उडतो म्हनतेत," ते म्हणाले.

"लाल उडतो, शेट. निळा टिकतो."

"घरात पसंत पडायचा न्हाई."

"वैनीसाहेबांनी तर आजून बघितलाच न्हाई."

"तसं न्हाई रे. मला साडेसाती चालू हाय. निळा शनीचा. ज्योतिषानं सांगितलंय, जपा म्हनून."

त्यांच्या बोटात नीलमची अंगठी होती. त्याच ज्योतिषानं, त्याच साडेसातीवर उतारा म्हणून घालायला लावलेली. मी त्या अंगठीकडं बघितलं. मी बघतोय हे त्यांनी बघितलं, आणि हात खिशात घातला.

तेवढ्यात मेहुणे बाहेर थुंकून आले आणि म्हणाले, "दाजी, सरळ बोला की. ह्या निळ्या गाडीत बसून गेवराईत शिरलाव, तर चौदा एप्रिलला लोकं तुमालाच मिरवणुकीच्या म्होरं लावतेल!"

सगळे हसले. नाक्यावरचे हसले, मिस्त्री हसला. शेट हसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मी तिथं आहे. "ह्येचं काय मनावर घेऊ नको, पेंटर," म्हणाले. "तू आपलाच मानूस हायस."

आणि मी हसलो.

मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी धमकावलं नव्हतं. मी आपण होऊन, दात दाखवून हसलो. मेहुण्यांच्या बोलण्याचा मला राग नाही असं नाही, पण तो माणूस निदान जे होतं ते बोलला. शेटनी तीन कारणं काढली, तिन्ही खोटी, आणि एवढ्यासाठी की मला वाईट वाटू नये. आणि मी हसलो, एवढ्यासाठी की त्यांना वाईट वाटू नये. असला हा आमचा जिव्हाळा.

"तूच सांग," शेट म्हणाले. आवाज मोकळा झाला होता. "तू कारागीर हायस. लाल कसा दिसंल?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, शेट, कावून? निळा कावून नको, ते एकदा तुमच्या तोंडानं सांगा, मग तुम्हाला हवा तो मारतो. ते शब्द माझ्या जिभेवर होते. मी म्हणालो, "लाल शोभंल, शेट."

"बघा! पेंटरच म्हनतोय!"

शेटचा सुंठीवाचून खोकला गेला. त्या दिवसापासून त्यांनी जिथं तिथं हेच सांगितलं, रंग पेंटरच्या पसंतीचा आहे.

घरी गेलो. माझी बायको अंगणवाडीत मदतनीस होती, दिवसभर पोरांमागं धावून थकलेली असायची, पण माझं तोंड बघून तिला कळलं. मी सगळं सांगितलं. अंगठीचं, मेहुण्यांचं, लालचं. मला वाटलं ती म्हणेल, त्याची गाडी, त्याचा रंग, तुमचं काय जातं. तिनं एवढंच विचारलं, "तुमी हसलाव का?"

"हसावं लागतं," मी म्हणालो. "धंदा हाय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मंग आता मारा लाल," म्हणाली.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिनं काय चुकीचं केलं होतं, हे मला त्या दोन दिवसांत काही शोधता आलं नाही.

लाल मारला. निळ्या मडगार्डावर सरळ लाल मारता येत नाही, तो काळपट दिसतो. आधी करडा प्रायमर मारून खालचं सगळं बुजवावं लागतं. रंग फवारायची गन हातात घेऊन मी त्या निळ्यावर करडा सोडला. तेरा तुकड्यांची मेहनत दोन मिनिटांत गेली. बाकीच्या गाडीचा पत्रा लोखंडापर्यंत घासलेला होता, तिथं काही बुजवायचं नव्हतं. त्या एका मडगार्डाला मात्र मी माझ्या हातानं झाकलं. मनात आलं, काम बिघडवावं. थिनर जास्त घालावं, सहा महिन्यांत पापुद्रे सुटतील. पण हाताला ते येत नाही. खोटं बोलायला येतं आणि खोटा रंग मारायला येत नाही, असला मी. सहा हात मारले, प्रत्येक हात घासून. आरशासारखी झाली. लोक मुद्दाम नाक्यावर उतरून बघून जायचे आणि माझी पाठ थोपटायचे, आणि थोपटली की मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटायचा.

पुढल्या हिवाळ्यात औरंगाबादला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. शेटना कुणी तरी सांगितलं, तिथं बक्षीस असतं आणि पेपरात फोटो येतो. गाडी पॉलिशसाठी पुन्हा माझ्या शेडमध्ये आली होती, तिथूनच चालवत न्यायची ठरली, कारण वाटेत गेवराई लागतं. दोन माणसांची गाडी. शेट चालवायला, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात मफलर, आणि शेजारी मी, मांडीवर पॉलिशचा डबा आणि फडकं. कुठं चरा पडला तर काय करायचं, म्हणून मला घेतलं होतं. मेहुणे आणि घरची मंडळी मागून नव्या गाडीत.

गेवराईत त्यांनी बाजारातून दोन चकरा मारल्या. माणसं दुकानं सोडून रस्त्यावर आली. "शेट, रंग काय निवडलाय!" कुणी ओरडलं. शेटनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "पेंटरची निवड हाय!" मी मान खाली घालून डब्याचं झाकण घट्ट करत बसलो.

प्रदर्शन एका शाळेच्या मैदानावर होतं. तपासायला पुण्याहून एक वयस्कर गृहस्थ आले होते, पांढरे केस, हातात टॉर्च आणि वही. एकेका गाडीपाशी ते अर्धा अर्धा तास घालवत होते. माणूस जाणकार होता, ते त्यांच्या बघण्यावरून कळत होतं. आमच्या गाडीचं यंत्र त्यांनी नावाजलं. पत्र्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "फिनिश फार सुरेख आहे." मग त्यांनी डिकी उघडली, स्टेपनी बाजूला सरकवली आणि टॉर्च मारला. त्या खोबणीत मी हात घातला नव्हता. तिथं जुना रंग चांगला होता, आणि तिथं कोण बघतंय असं वाटलं होतं.

"अहो, ही गाडी निळी आहे," ते म्हणाले. "इथं धडधडीत दिसतंय. लाल कुणी केली?"

"पेंटरनं, साहेब," शेट म्हणाले. एका क्षणात म्हणाले, विचारसुद्धा करावा लागला नाही. "खेड्यातला मानूस हाय. त्याला कुठलं येवढं कळतंय."

त्या गृहस्थांनी माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मी सोसलं असतं. फार प्रेमानं, पोराला सांगावं तसं म्हणाले, "बाबा, नवा रंग देण्याआधी खालचा बघायचा असतो. मूळ रंग शोधायचा असतो. पुढच्या वेळी लक्षात ठेवा हं."

मला. तेरा तुकडे वाळवणाऱ्या मला. माझ्याकडं एक गोष्ट होती जी कुणाच्या उपकाराची नव्हती, ती म्हणजे माझा डोळा. जात बघून काम देणारे बघितले होते, न देणारे बघितले होते, पण "याला कळत नाही" असं मला कुणी म्हणू शकत नव्हतं. शेटनी तीच गोष्ट त्या मैदानावर, अनोळखी माणसांसमोर, हसत हसत देऊन टाकली.

"साहेब, बघितला होता," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "निळा मला सापडला होता. मी मिळवला होता, मारला होता. ह्या डाव्या मडगार्डावर नख मारा, लालच्या खाली माझा निळा निघंल. शेटनी नको म्हनलं."

आजूबाजूचे लोक जवळ सरकले. साहेब शेटकडं वळले. "का हो? एवढा सुंदर रंग का नको?"

शेटनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. सावरून घे, म्हणत होती. काहीतरी बोल, हस. मी त्यांच्याकडं बघत उभा राहिलो.

"आमच्याकडं निळ्याचं जरा येगळं हाय, साहेब," ते म्हणाले.

"वेगळं म्हणजे?"

"म्हंजे... लोकं आमाला त्यांच्यातलं समजतेल."

"कुणाच्यातलं?" साहेब खरंच विचारत होते, त्यांना काही समजलं नव्हतं.

शेटनी बोट माझ्याकडं केलं.

आता साहेबांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. "असो," म्हणाले, वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुढच्या गाडीकडं गेले. यंत्रावर अर्धा तास, रंगावर अर्धा तास, आणि ह्याच्यावर एक "असो". वर्षभर मला वाटत होतं, एकदा शेटनी ते कारण उघड सांगावं, म्हणजे माझा जीव थंड होईल. सांगितलं, आणि थंड बिंड काही झालं नाही.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. बक्षीस दुसऱ्याच गाडीला मिळालं होतं. शेटनी मफलर गुंडाळला, गाडीत बसले आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. "चल, बस. अंधाराच्या आत गेवराई गाठू."

मी फडकं आणि डबा त्या सीटवर ठेवला. "मी एसटीनं जातो," म्हणालो.

"राग आला का काय, पेंटर?"

कुठल्याही गिऱ्हाईकाला मी या प्रश्नाचं एकच उत्तर देत आलो होतो, छे छे, राग कसला. जन्मभर देत आलो होतो.

"आला," मी म्हणालो. "लई आला."

शेट सोंग करत नव्हते, त्यांना खरंच उमगत नव्हतं.

"आरं, पन," ते म्हणाले, "येवढ्याशा रंगावरनं?"